किंकेड आणि पारसनीस : दोन आडनावांचा शोध

मराठ्यांच्या इतिहासाचे इंग्रजीतून वाचन करणाऱ्यांना ‘किंकेड आणि पारसनीस’ ही जोडी चांगलीच परिचित आहे. ‘अ हिस्टरी ऑफ द मराठा पीपल’ हा त्यांचा ग्रंथ १९१८, १९२२ आणि १९२५ अशा तीन वर्षी तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पहिला खंड शिवछत्रपतींच्या निधनापर्यंत येतो, दुसरा शाहू महाराजांच्या निधनापर्यंत आणि तिसरा पेशवाईच्या अखेरीपर्यंत. ग्रंथातील मजकुराविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मुखपृष्ठावर शेजारी शेजारी छापलेल्या त्या दोन आडनावांचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही. एक आडनाव स्कॉटलंडमधील एका खेड्याचे, तर दुसरे मराठी दरबारातील एका लेखणीचे. ही दोन आडनावे कशी घडली हे पाहू गेल्यास आपल्या स्वतःच्या आडनावांविषयीही बरेच काही कळते, असे आम्हास वाटते. म्हणून हा प्रपंच.

भोपाळच्या वाचकांना किंकेड या आडनावाविषयी जिव्हाळा वाटावा असे आणखीही एक कारण आहे. इतिहासकार चार्ल्स ऑगस्टस किंकेड (जन्म १८७०) हे मुंबई इलाख्यातील सनदी नोकर आणि न्यायाधीश होते. त्यांचे वडील विल्यम किंकेड हे लष्करी अधिकारी. १८८० नंतरच्या दशकात ते भोपाळचे पोलिटिकल एजंट होते. भोपाळ एजन्सीचे ठाणे त्या काळी सीहोरला असे. सरकारी कामाखेरीज या गृहस्थांना जुन्या अवशेषांत भटकण्याचा छंद होता. मध्य हिंदुस्थानातील भग्नावशेषांवरील त्यांचा लेख १८८८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात आला. भोजपूरच्या प्रचंड तलावाची आणि तो फोडणाऱ्या होशंगशहाची हकीकत इंग्रजी वाचकांपुढे आली, तिच्यात या लेखाचा मोठा वाटा आहे. धरण तोडण्यास तीन महिने लागले, पाणी ओसरण्यास तीन वर्षे लागली आणि तळाची जमीन राहण्याजोगी होण्यास तीस वर्षे लागली, ही या भागातील गोंडांमध्ये चालत आलेली कथा आपणही ऐकलेली असेल. वडिलांनी भोजाच्या तलावाची कथा टिपली, मुलाने मराठ्यांचा इतिहास लिहिला, आणि नातू डेनिस किंकेड याने १९३७ साली शिवाजी महाराजांवर ‘द ग्रँड रेबेल’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी कारवारच्या समुद्रात पोहताना बुडून डेनिसचा अंत झाला. तीन पिढ्यांचे हे नाते पाहता या घराण्याचे नाव आले कोठून, हा प्रश्न सहजच मनात येतो.

किंकेड हे आडनाव ब्रिटनमध्ये पहिल्यापासूनच विरळा. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या उत्तरेस कॅम्प्सी नावाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी, ग्लॅझर्ट आणि केल्विन या दोन नद्यांच्या दरम्यान किंकेड नावाची जमीन होती. तेराव्या शतकात लेनॉक्सच्या सरदारांच्या अमलाखाली ही जमीन ज्या घराण्याकडे आली, त्याने जमिनीचेच नाव धारण केले. त्या जमिनीचे नाव गेलिक भाषेतले आहे. त्याचा पहिला घटक ‘किन’ हा मूळच्या ‘क्यान’चा संक्षेप; अर्थ ‘डोके, माथा, टोक’. स्कॉटलंडच्या नकाशावर हा घटक जागोजागी भेटतो. किंटायर म्हणजे भूमीचे टोक, आणि किनलॉखलेव्हन म्हणजे लेव्हन सरोवराचा माथा.

दुसऱ्या घटकाविषयी विद्वानांत एकमत नाही. एका पक्षाच्या मते तो ‘खिंड’ किंवा ‘चढण’ या अर्थाचा गेलिक शब्द आहे. तसे मानले, तर किंकेड म्हणजे खिंडीचा माथा. दुसरा पक्ष त्यात ‘दलदल, चिखलाची जागा’ या अर्थाचा शब्द पाहतो. तसे मानले, तर किंकेड म्हणजे दलदलीचे टोक. हा वाद मराठी माणसास परका वाटण्याचे कारण नाही. पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे ‘घाटमाथा’ हा तयार शब्द आहे. दुसऱ्या अर्थाची ‘चिखली’ नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. थोडक्यात, किंकेडसाहेब आपल्या मुलखात जन्मले असते, तर घाटमाथेकर तरी झाले असते किंवा चिखलीकर तरी! टेकड्यांचा पायथा आणि दोन नद्यांमधली सखल जमीन ध्यानात घेता दोन्ही अर्थांना जागा आहे. घराण्याचा अभिमान अर्थातच पहिल्या अर्थाकडे झुकतो. माथा कोणास नको असतो?

गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची पद्धत आपल्याकडे ‘कर’ या प्रत्ययाने चालते. स्कॉटलंडमध्ये प्रत्यय न लावता गावाचे नाव जसेच्या तसे घेतात. मात्र ज्या घराण्याचे आडनाव आणि जमीन यांचे नाव एकच, त्यास तेथे ‘ऑफ दॅट इल्क’ असे बिरुद लावतात. ‘त्याच ठिकाणचे’ एवढाच त्याचा अर्थ. ‘किंकेड ऑफ दॅट इल्क’ म्हणजे किंकेडचेच किंकेड. आपल्याकडे गावात राहणारा माणूस गावाचे नाव लावीत नाही. पुण्यात राहणाऱ्यास पुण्यात कोणी पुणेकर म्हणून वेगळा ओळखीत नाही. गाव सुटले म्हणजे गाव नावास चिकटते. पैठण सोडलेला पैठणकर होतो आणि सातारा सोडलेला सातारकर. स्कॉटलंडमध्ये आडनाव जमिनीवरील हक्क सांगे; आपल्याकडे ते बहुधा जमीन सुटल्याची आठवण सांगते. हा भेद सूक्ष्म असला, तरी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तो चटकन उमगेल.

किंकेड घराण्याच्या मानचिन्हावर एक किल्ला आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या सैन्याकडून एडिंबरोचा किल्ला परत घेण्यात घराण्याच्या एका पूर्वजाने पराक्रम केला, म्हणून हा मान मिळाला, असे घराण्याची परंपरा सांगते. आपल्याकडे असे झाले असते, तर कदाचित ‘किल्लेदार’ हे नवे आडनाव पडले असते आणि मूळ गाव मागे पडले असते. तेथे गावाचे नाव राहिले आणि किल्ला चित्रात गेला.

याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. कॅम्प्सीच्या परिसरातून गेलिक भाषा कित्येक शतकांपूर्वीच हटली. तेथील लोक इंग्रजी आणि तिची भावंड असलेली स्कॉट्स बोलू लागले. जमीन कोणाकोणाच्या हाती गेली. तरी ‘क्यान’ हा शब्द गावाच्या आणि माणसांच्या नावांत तसाच राहिला. आपण रोज त्या भाषेतला एक शब्द उच्चारतो, हे उच्चारणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता पारसनीस. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी साताऱ्यास ऐतिहासिक कागदपत्रांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह केला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे त्यांचे मराठी चरित्र १८९४ साली निघाले, आणि पुढे ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक त्यांनी चालविले. किंकेड आणि पारसनीस दोघेही १८७० सालचेच. पारसनीस हे आडनाव फारसी पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाचे. ‘फारसी’ आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, यांचा मराठी तोंडात ‘पारसनीस’ झाला. हाच ‘नीस’ चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस, कारखानीस यांत आहे. मुजुमदार आणि डबीर हीही त्याच दरबारी भाषेची देणगी.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी हुद्द्यांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे योजिली, हे सर्वश्रुत आहे. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, वाकनिसास मंत्री, सुरनिसास सचिव आणि डबिरास सुमंत अशी नावे मिळाली. राज्यव्यवहारकोशही त्याच भूमिकेतून सिद्ध झाला. राजाज्ञेने हुद्द्यांची नावे बदलता येतात. आडनावे मात्र आज्ञेस बधली नाहीत. आज साडेतीनशे वर्षांनंतर मराठी घरांत फडणीस आणि चिटणीस उदंड आहेत, ‘सुमंत’ आणि ‘अमात्य’ त्या मानाने मोजके. स्कॉटलंडच्या त्या कोपऱ्यात गेलिक जशी आडनावात राहिली, तशीच मराठी घरांत फारसी राहिली. फारसीचे एक अक्षर न वाचता येणारा पारसनीस आज दारावर ती भाषा मिरवितो.

हुद्द्यावरून आलेली आडनावे इंग्रजांतही आहेत, आणि त्यांतले एक मराठी लोकांनी पूर्णपणे आपलेसे करून टाकले. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज सैन्यात कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा एक धाडसी अधिकारी होता. कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला, आणि पुढे वडगावास इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. शत्रूच्या या वीराचे शौर्य पाहून मराठ्यांनी त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. मानाजी फाकडे आणि कोन्हेरराव फाकडे यांच्या पंगतीस, पेशवाईतील साडेतीन फाकड्यांत, त्यास बसविले. या इष्टुरावर किंकेडसाहेबांनी इंग्रजीत लिहिले आणि १९१७ च्या आपल्या पुस्तकास त्याचेच नाव दिले.

स्टुअर्ट या शब्दाचा मूळ अर्थ घरादाराची व्यवस्था राखणारा, म्हणजे आपल्या भाषेत कारभारी. स्कॉटलंडच्या राजांचे वंशपरंपरागत कारभारी असलेले हे घराणे १३७१ साली स्वतःच राजपदावर आले. कारभाऱ्याचे घराणे राज्याचे धनी होते, ही गोष्ट पेशव्यांचा इतिहास जाणणाऱ्यास समजावून सांगायला नको. आणि ‘स्टुअर्ट’चा ‘इष्टुर’ का झाला? आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी ‘इ’ लावून जीभ सोपी करून घेण्याची खोड आपल्याला जुनीच आहे. स्टेशनाचे इस्टेशन आणि स्कूलचे इस्कूल त्याच खोडीने झाले.

नावाच्या स्थलांतराची याहून विलक्षण कथा आपल्या भोपाळातच आहे, आणि तीही किंकेडांनी इंग्रजी वाचकांपुढे मांडली. विल्यम किंकेड यांनी १८८७ साली भोपाळच्या बूर्बाँ घराण्यावर लेख लिहिला. आपला मूळपुरुष फ्रान्सच्या राजघराण्यातला असून तो अकबराच्या दरबारी आला, असे हे घराणे परंपरेने सांगत आले आहे. ती वंशावळ इतिहासाच्या कसोटीस पुरती उतरत नाही, असा अभ्यासकांचा अभिप्राय आहे. परंतु भोपाळच्या दरबारातील या ख्रिस्ती घराण्याचे स्थान निर्विवाद आहे. येथे आल्यावर या मंडळींची नावे दुहेरी झाली. बाप्तिस्म्याचे नाव बाल्ताझार, तर दरबारी नाव शहजाद मसीह. मुलाचे नाव सेबास्तियन, तर दरबारात तो मेहरबान मसीह. आडनाव फ्रेंच, नाव फारसी आणि बोली उर्दू.

१८१२–१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळास वेढा घातला, तेव्हा वजीर मुहम्मदखानाच्या बाजूने शहर राखणाऱ्यांत हा शहजाद मसीहही होता. आपल्यापैकी कोणाकोणाचे पूर्वज त्या काळी शिंदे-भोसल्यांच्या चाकरीत होते. म्हणजे ते तटाच्या बाहेरच्या बाजूस होते. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करतो. भोपाळच्या इतिहासाशी मराठ्यांचा पहिला संबंध पाहुण्याचा नसून मोहिमेचा आहे. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावांनी निजामास येथेच कोंडले, आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा येथे तह झाला. आपण येथे स्थायिक झालो तो काळ फार पुढचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने येथे आली. तटाबाहेरची आडनावे दीड शतकाने तटाच्या आत नांदू लागली.

ज्या शहरात ती नांदू लागली, त्याच्या नावाचीही कथा किंकेडच्या नावासारखीच दुपेडी आहे. कोणी भोपाळची व्युत्पत्ती ‘भोजपाल’ अशी लावतात. यात ‘पाल’ म्हणजे बांध. भोज राजाने घातलेला तो भोजपाल. कोणी ‘भूपाल’ या राजनामाकडे बोट दाखवितात. पहिल्या व्युत्पत्तीस मराठीचा एक छोटा आधार मिळतो. तळ्याच्या कडेच्या उंचवट्यास आपण ‘पाळ’ म्हणतो. येथील सर्व हिंदी भाषिक ‘भोपाल’ लिहितात. आपण मात्र ‘भोपाळ’ लिहितो. हा केवळ आपल्या जिभेचा हट्ट नाही. त्या ‘ळ’मध्ये तळ्याची पाळ अजून ऐकू येते.

आणि येथेच खऱ्या चिंतेचा विषय येतो. शहराच्या नावात आपण ‘ळ’ राखला. आपल्या आडनावांत तो राखला जाईल काय? प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. शाळेच्या दाखल्यावर काळे यांचे ‘काले’ होते, पिंगळे यांचे ‘पिंगले’ होते, टिळकांचे ‘तिलक’ होते. सर्वांत मौज, किंवा खेद, मुळे यांच्याबाबत आहे. मूळ सांगणारे आडनाव ‘मुले’ होऊन बसते, आणि मराठी वाचणारा ते पोरेबाळे असे वाचतो. कोट्याच्या ज्या घराण्याने शिंद्यांचा कारभार पाहिला, त्याचे गुळगुळे दप्तर सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात आहे. हिंदीत ते ‘गुलगुले’ झाले, आणि ऐकणाऱ्यास तळलेले गोड गुलगुले आठवतात. ‘ज’ आणि ‘च’ यांचे दोन दोन मराठी उच्चार तर लिहिण्यातही दिसत नाहीत. जाधव आणि चाफेकर या आडनावांतील पहिले अक्षर आपल्या नातवंडांच्या तोंडी हिंदी वळणाचे झाले आहे. दोष कोणाचाच नाही. शेजाऱ्यांची भाषा ही आता आपलीही भाषा आहे.

किंकेडांनाही हे चुकले नाही. या घराण्याच्या शाखा उत्तर आयर्लंडात आणि तेथून अमेरिकेत गेल्या, तेव्हा नावाची रूपे बदलली. कोणी किंकेड, कोणी किंकीड, कोणी शेवटचे अक्षर वाढवून लिहू लागला. आज हे आडनाव ब्रिटनपेक्षा अमेरिकेत अधिक आढळते. अँटिग्वा बेटावर जन्मलेल्या एका प्रसिद्ध लेखिकेने तर १९७३ साली लेखनासाठी ‘जमैका किंकेड’ हे नाव स्वतःहून निवडले. कॅम्प्सीच्या खिंडीशी तिचा काही संबंध नाही; तरी ते नाव आज जगात ज्यांना माहीत आहे, त्यांतील बहुतेकांना ते तिच्यामुळे माहीत आहे. नाव फिरते, रूप बदलते, नवे धनी मिळवते. नावाचा मूळ अर्थ लिहून ठेवलेला असला, तर एवढ्या फिरतीनंतरही तो सापडतो. किंकेडांचा तो सापडला, कारण स्कॉटलंडमध्ये जमिनीचे दानपट्टे राहिले. इंग्लंडातील चर्चच्या वह्याही १५३८ पासून सुरू होतात.

आपल्याकडेही साधने आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी आणि गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या आणि गावे असतात. कुलदैवत कोणते आणि कोठले, यावरून मूळ मुलूख कळतो. आडनाव बदलले तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. गोत्र, कुळाचार आणि लग्नपत्रिकेवर आजोबा आवर्जून छापवीत ते ‘मूळ गाव’ यांचाही उपयोग होतो. मात्र केवळ आडनावावरून गाव ठरविताना सावधगिरी हवी. इंदूरकर म्हटले की आपणा माळव्यातील लोकांच्या डोळ्यांपुढे होळकरांचे इंदूर उभे राहते. परंतु तेलंगणातील निजामाबादचे जुने नावही इंदूरच होते. पिंपळगावे तर किती आहेत याची गणतीच नाही. शिवाय गावांची नावे बदलतात. होशंगशहाच्या नावाचे होशंगाबाद २०२२ साली नर्मदापुरम झाले, आणि औरंगाबाद २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. औरंगाबादकर मात्र औरंगाबादकरच आहेत. शंभर वर्षांनी त्यांच्या पणतवंडास हे गाव नकाशावर शोधूनही सापडणार नाही.

घरातील जुनी कागदपत्रे हे सर्वांत मोठे साधन, आणि सर्वांत आधी नष्ट होणारेही. बरेच कागद मोडीत असतात. मोडी वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली. न वाचता येणारा कागद घर बदलताना प्रथम रद्दीत जातो. तो टाकण्यापूर्वी एकदा जाणकारास दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे. पारसनिसांनी साताऱ्यास जो संग्रह केला, तो अशाच घराघरांतील कागदांचा होता.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारून चार ओळी लिहून ठेवाव्यात : आडनाव मराठीत नेमके कसे लिहितात आणि कसे उच्चारतात, त्याचा अर्थ घरात काय सांगतात, मूळ गाव व तालुका कोणता, कुलदैवत कोणते, आणि भोपाळास कोण, कोठून, कोणत्या साली आले. अर्थाविषयी दोन मते असतील, तर दोन्ही लिहावीत. किंकेडांना घाटमाथा आणि दलदल दोन्ही जपता आली, तर आपल्यालाही अवघड नाही. लिहिताना ‘ळ’ ठळक काढावा. दाखल्यावर नातवाचे नाव ‘मुले’ असे लागले असले, तरी घरच्या वहीत ते ‘मुळे’ असे असावे, आणि का, हे त्यास कोणीतरी एकदा सांगितलेले असावे.